नाण्यावर चालणारी जुनी मशीनं आणि बेसबॉल मैदानांच्या वस्तू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीत किंवा दिवाळीला मंडळाची मंडळी आमच्या न्यू जर्सीच्या घरी येतात, चहा होतो आणि मग कोणीतरी तळघराचा जिना उतरतं. समोर लाल रंगाचं, खांद्याशी गोलाई असलेलं कोका-कोलाचं मशीन. शेजारी भिंतीवर एका पेनीत, म्हणजे एक सेंटच्या नाण्यात, कार्ड देणारा लोखंडी डबा. आणि त्यांच्यासमोर, जणू सामना सुरू व्हायची वाट बघत, बेसबॉलच्या मैदानातल्या दोन लाकडी खुर्च्या. मग प्रश्न सुरू होतात. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

मशीनं आणि बेसबॉल, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय?

फार जवळचा आहे. शिकागोची एक्झिबिट सप्लाय कंपनी १९२१ पासून बेसबॉल खेळाडूंची जाड पुठ्ठ्याची, पोस्टकार्डाएवढी कार्डं छापत असे. ती दुकानात पाकिटात मिळत नसत. करमणुकीच्या खेळघरांत लोखंडी मशीन असायचं, त्याच्या खाचेत एक पेनी सरकवायची, दांडा आत ढकलायचा आणि एक कार्ड बाहेर यायचं. कोणाचं येणार हे आधी कळायचं नाही. ही पद्धत १९६० च्या दशकापर्यंत चालली. आजही संग्राहक त्यांना ‘एक्झिबिट कार्डं’ म्हणतात. कार्ड एकाकडे आणि मशीन दुसऱ्याकडे, अशी ताटातूट बहुतेक ठिकाणी झालेली दिसते. माझ्याकडे दोन्ही एकत्र आहेत याचा मला मनापासून आनंद आहे.

पुढे टॉप्स कंपनीने आपली कार्डं मशीनमध्ये भरायला ५०० च्या खोक्यांत विकली. त्यांना ‘व्हेंडिंग बॉक्स’ हेच नाव पडलं. पाकिटातल्या कार्डांवर च्युइंगगमचे डाग पडत. या खोक्यातल्या कार्डांना गमचा स्पर्शच नसे, म्हणून ती कोरी राहिली. आणि मैदानावरचे फेरीवाले गळ्यात पट्टा अडकवून ज्या पत्र्याच्या पेट्यांतून थंड बाटल्या विकत, त्या पेट्या दोन्ही संग्रहांत शोभतात.

ही मशीनं सुरू कधी झाली?

लंडनमध्ये १८८३ च्या सुमारास पर्सिव्हल एव्हरिट यांचं पोस्टकार्ड देणारं मशीन आलं. अमेरिकेत १८८८ मध्ये थॉमस अ‍ॅडम्स यांच्या कंपनीने न्यूयॉर्कच्या उन्नत रेल्वेच्या फलाटांवर ‘तुट्टी-फ्रुटी’ गमची मशीनं बसवली. फिलाडेल्फियात १९०२ मध्ये हॉर्न आणि हार्डार्ट यांनी ‘ऑटोमॅट’ नावाचं अख्खं उपाहारगृहच उघडलं. भिंतभर काचेचे छोटे कप्पे, नाणं टाकून मूठ फिरवायची आणि दार उघडून ‘पाय’ या गोड पदार्थाची बशी उचलायची. न्यूयॉर्कचं शेवटचं ऑटोमॅट १९९१ मध्ये बंद झालं.

संग्राहक ‘जुनं’ म्हणतात ते नेमकं कुठल्या काळातलं?

शीतपेयांच्या बाबतीत साधारण १९३० च्या दशकापासून १९६० च्या सुरुवातीपर्यंतचं. त्याआधी दुकानासमोर बर्फाच्या पेट्या असत. मन्सी, इंडियाना इथल्या ग्लासकॉक ब्रदर्सनी १९२९ मध्ये कोका-कोलासाठी ठरावीक नमुन्याची पत्र्याची पेटी बनवली. बाटली काढायची आणि पैसे दुकानदाराच्या हातात द्यायचे. मग १९३७ मध्ये कॅन्सस सिटीत पिअर्सन बंधूंनी व्हेंडो कंपनी काढली. त्यांची पहिली कल्पना साधी होती: असल्या पेटीवर बसेल असं नाण्यावर चालणारं झाकण. झाकण फिरवत नेलं की भोकाखाली एक बाटली येई. त्या झाकणाला ‘रेड टॉप’ म्हणत.

नावं लक्षात ठेवायची तर चार-पाच पुरेत. कॅन्सस सिटीची व्हेंडो, फ्रेस्नोची व्हेंडोरलेटर (ही १९५६ मध्ये व्हेंडोनेच विकत घेतली), चॅटानूगाची कॅव्हेलियर, जेकब्स आणि शिकागोची मिल्स नॉव्हेल्टी. मिल्स कंपनी जुगाराची मशीनंही बनवत असे, त्यामुळे तिचं नाव दोन्ही छंदांत ऐकू येतं. व्हेंडोच्या मशीनच्या नावातला आकडा सहसा बाटल्यांचा असतो: ‘४४’ मध्ये ४४ बाटल्या, ‘८१’ मध्ये ८१. जेकब्सच्या ‘२६’ चं डोकं गोल आहे, म्हणून लोक त्याला ‘टपालपेटी’ म्हणतात. तळघरात आल्या आल्या लहान मुलं त्याच्याकडेच धावतात.

बहुतेक मशीनांवर पाच सेंटच का लिहिलेलं असतं?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे, म्हणून उत्तर लांबणार.

कोका-कोला १८८६ मध्ये पाच सेंटला मिळू लागला आणि जवळजवळ सत्तर वर्षं त्याच किमतीला मिळत राहिला. मधे दोन महायुद्धं झाली, महामंदी आली, साखर महागली, तरी किंमत तीच. त्याची कारणं अनेक. कंपनीने बाटली भरणाऱ्यांशी फार पूर्वी केलेले करार होते, ‘पाच सेंट’ ही जाहिरात भिंतीभिंतींवर रंगवलेली होती. पण एक मोठं कारण खुद्द ही मशीनं होती. त्यांची खाच एकच नाणं ओळखायची: निकेल, म्हणजे पाच सेंटचं नाणं. सहा किंवा सात सेंट घ्यायचे तर दोन-तीन नाणी मोजणारी यंत्रणा हवी, आणि ती हजारो मशीनांत नव्याने बसवायची. दहा सेंटच्या नाण्यावर, डाइमवर जायचं तर किंमत एकदम दुप्पट.

या पेचातून सुटायला १९५३ मध्ये कोका-कोलाचे रॉबर्ट वुड्रफ यांनी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्याकडे चक्क साडेसात सेंटचं नवं नाणं पाडायची विनंती केली. ते झालं नाही. काही ठिकाणी बाटली भरणाऱ्यांनी वेगळी युक्ती केली: मशीनमध्ये दर नऊ बाटल्यांमागे एक रिकामी ठेवायची. ज्याच्या नशिबी ती येई, त्याने आणखी एक निकेल टाकायचं. म्हणजे किंमत पाच सेंटच, पण सरासरीने थोडी जास्त वसुली. १९५९ पर्यंत पाच सेंटचा कोका-कोला संपला.

म्हणून मशीनवरचा आकडा मी सगळ्यात आधी बघते. ‘५’ वर चिकटवलेला ‘१०’ असेल, तर ते मशीन त्या बदलातून गेलेलं आहे. माझ्या अशाच एका मशीनच्या मागच्या मालकाला ते चिकटवणं कुरूप वाटत होतं आणि तो खरवडून द्यायला तयार होता. मी तसंच घेतलं.

नाणं खरं की खोटं, हे मशीनला कसं कळायचं?

यात संगणक नाही, तरी परीक्षा तीन-चार पायऱ्यांची आहे. आधी आकार: फार मोठं नाणं खाचेतून शिरत नाही, फार छोटं मधल्या फटीतून खाली पडतं. मग वजन: नाणं एका छोट्या पाळण्यावर बसतं, पुरेसं जड असेल तरच पाळणा झुकतो. मग चुंबक. लोखंडी चकती चुंबकाला चिकटून राहते. निकेलसारखं नाणं चिकटत नाही, पण चुंबकाजवळून घरंगळताना त्याच्या धातूनुसार त्याचा वेग कमी होतो. शेवटी ते एका छोट्या ऐरणीवर आपटून उसळतं. वेग बरोबर असेल तर उसळी बरोबर जागी पडते आणि नाणं स्वीकारलं जातं. खोटं नाणं आधी किंवा नंतर पडतं आणि परत येतं.

ही यंत्रणा एवढी महत्त्वाची होती की सरकारला नाणी पाडताना तिचा विचार करावा लागला. दुसऱ्या महायुद्धात निकेल हा धातू लढाईसाठी लागत होता, तेव्हा १९४२ ते १९४५ या काळात पाच सेंटची नाणी तांबं, चांदी आणि मँगनीज यांच्या मिश्रणातून पाडली. हे मिश्रण मशीनांना चालेल असं निवडलं होतं. १९६५ मध्ये डाइम आणि क्वार्टर (पंचवीस सेंटचं नाणं) यांच्यातली चांदी काढली, तेव्हाही तांब्याचा गाभा आणि वर तांबं-निकेलचं आवरण असा थर दिला, म्हणजे जुन्या मशीनांनी नवी नाणी परत फेकू नयेत. नाण्याने मशीनला जुळवून घेतलं, हे वाचलं तेव्हा मी रात्रभर जागून नाण्याचा कप्पा उघडून बसले होते.

व्यवहारातली गोष्ट: मशीन नाणी परत टाकत असेल तर दहापैकी नऊ वेळा ते बिघडलेलं नसतं, मळलेलं असतं. कप्पा सोडवा, मऊ ब्रश आणि स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळवा. तेल अजिबात घालू नका. तेलावर धूळ बसते आणि नाणं घरंगळायच्या ऐवजी सरपटू लागतं.

सुरुवात कुठल्या मशीनपासून करावी?

गमच्या गोळ्या देणाऱ्या काचेच्या मशीनपासून. ते टेबलावर राहतं, त्याला वीज लागत नाही, आणि एका स्क्रूड्रायव्हरने सगळं खोलून पुन्हा जोडता येतं. मॉरिस, इलिनॉय इथल्या नॉर्थवेस्टर्न कंपनीची आणि ओहायोच्या कोलंबस कंपनीची गोळ्यांची मशीनं आजही पुष्कळ सापडतात. काचेचा गोळा बदललेला आहे का, कुलपाला किल्ली आहे का, एवढं बघा. थंड बाटल्यांचंच हवं असेल तर व्हेंडो ‘४४’ बघा. ते जेमतेम सोळा इंच रुंद असल्याने दारातून आत येतं आणि कोपऱ्यात मावतं. मोठी मशीनं घेण्याआधी तळघराच्या जिन्याचं वळण मोजा. नुसत्या दाराची रुंदी मोजून भागत नाही.

कॅन्डी किंवा गमसोबत बक्षीस देणारी मशीनं आणि जुगाराची मशीनं यांबद्दल प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे. तो आधी वाचा.

जुना रंग काढून मशीन नव्यासारखं करावं का?

माझं मत ठाम आहे: शक्यतो नको.

पहिलं मोठं मशीन मी पेनसिल्व्हेनियातल्या एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या मालकाच्या मुलाकडून घेतलं. दारावर मधोमध रंग उडून पत्रा दिसत होता. मी ते रंगवणाऱ्याकडे दिलं. परत आलं तेव्हा लखलखीत होतं, फोटोत दाखवण्यासारखं. काही महिन्यांनी त्या मुलाशी फोनवर बोलताना कळलं, की रंग उडालेली जागा त्याच्या वडिलांच्या गुडघ्याची होती. दार चिकटायचं, म्हणून ते रोज सकाळी गुडघ्याने ढकलून उघडायचे. पंचवीस वर्षांची ती खूण मी पैसे देऊन पुसून घेतली होती. ती परत आणता येणार नाही.

तेव्हापासून माझा नियम असा: गंज थांबवायचा, घाण काढायची, रंगाला हात लावायचा नाही. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ कापड, मग मेण. गंज पत्र्याला भोक पाडत असेल तर तेवढ्याच जागी उपचार. पूर्ण गंजलेलं, आधीच कोणीतरी घरातल्या रंगाने फासलेलं मशीन असेल तर खुशाल नव्याने रंगवा, त्यात काही हरवत नाही. पण रंगवण्याआधी प्रत्येक बाजूचे फोटो काढा आणि नव्याने लावलेली अक्षरं नवी आहेत हे दाराच्या आतून लिहून ठेवा. पुढच्या माणसाची फसवणूक होऊ नये.

दुसरं म्हणजे जुन्या रंगात शिसं असतं. तो कोरडा घासू नका, आणि घरात लहान मुलं असतील तर तर मुळीच नको.

थंड करायची यंत्रणा सुरू करणं धोक्याचं आहे का?

काळजी घेतली नाही तर हो. जुन्या वायरींचं रबर वाळून तडकलेलं असतं, आणि बहुतेकांना अर्थिंगची तिसरी पिनच नसते. पत्र्याच्या अख्ख्या मशीनमध्ये वीज उतरू शकते. वायर बदलेपर्यंत प्लग लावू नका. लावल्यावरही पहिल्यांदा जवळ कोणीतरी मोठं माणूस असू द्या.

गॅसचं वेगळं आहे. त्या काळच्या पुष्कळ मशीनांत थंड करायला आर-१२ नावाचा वायू असे. ओझोनच्या थराला त्याने धोका होतो म्हणून अमेरिकेत त्याचं उत्पादन १९९५ च्या अखेरीस थांबलं. तो हवेत सोडणं बेकायदा आहे, आणि गॅसच्या कामाला पर्यावरण खात्याचं प्रमाणपत्र असलेला माणूसच लागतो. यंत्रणा अजून बंदिस्त असेल आणि थंड करत असेल तर तिला उघडूच नका.

मुलं घरात असतील तर दाराचं कुलूप काढून ठेवा, आणि उंच मशीन भिंतीला पट्टीने बांधा. नाणं अडकलं की हलवायचा मोह होतो, आणि भरलेलं मशीन पुढे कललं तर ते एका माणसाला सावरत नाही.

आजच्या बाटल्या त्यात बसतात का?

काहींत. ही मशीनं साडेसहा औंसाच्या काचेच्या बाटलीसाठी बनली होती. परत करायच्या काचेच्या त्या बाटल्या मिनेसोटातल्या विनोना इथे २०१२ पर्यंत भरल्या जात होत्या. आता मिळते ती आठ औंसाची काचेची बाटली काही मॉडेलांत छोट्या पट्ट्या बसवून चालते. माझ्याकडे जुन्या बाटल्यांत पन्हं भरून बूच लावलेलं असतं. मे महिन्यात मुलं रांग लावतात.

मैदानातल्या खुर्च्या लोकांच्या घरी पोचल्या तरी कशा?

मैदानं पाडली म्हणून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंड आणि काँक्रीटची जी मैदानं उभी राहिली, त्यातली दोनच आज वापरात आहेत: बॉस्टनचं फेनवे पार्क (१९१२) आणि शिकागोचं रिग्ली फील्ड (१९१४). बाकीची गेली.

ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर २३ फेब्रुवारी १९६० ला पाडायचा लोखंडी गोळा आला, तो पांढरा रंगवून त्यावर बेसबॉलसारखी लाल शिवण काढलेली होती. चार वर्षांनी तोच गोळा न्यूयॉर्कच्याच पोलो ग्राउंड्स या मैदानावर चालला. फिलाडेल्फियाच्या कॉनी मॅक स्टेडियमवर १ ऑक्टोबर १९७० ला शेवटचा सामना झाला. आठवण म्हणून प्रेक्षकांना खुर्च्यांच्या लाकडी पट्ट्या वाटल्या होत्या, आणि लोकांनी त्याच पट्ट्यांनी ठोकून उरलेलं मैदान उचकटायला सुरुवात केली. सामना संपायच्या आतच तोडफोडीचे आवाज येत होते. त्या रात्री घरी नेलेल्या खुर्च्या आजही जुन्या घरांच्या विक्रीत सापडतात, कुठलाही कागद नसलेल्या, पण घरातल्या कोणालातरी ती रात्र आठवत असते.

पुढे मालकांनाच कळलं की हे विकता येतं. न्यूयॉर्कचं शे स्टेडियम २००८ मध्ये बंद झालं तेव्हा खुर्च्यांची जोडी ८६९ डॉलरला विकली. हा आकडा सहज आलेला नाही: तिथे खेळणारा मेट्स संघ १९८६ आणि १९६९ मध्ये जगज्जेता झाला होता. त्याच वर्षी जुनं यांकी स्टेडियमही बंद झालं. ते शहराच्या मालकीचं असल्याने तिथल्या वस्तूंसाठी संघाला शहराशी व्यवहार करावा लागला, आणि मग खुर्च्यांपासून मातीपर्यंत सगळं दुकानात आलं. ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममधल्या खुर्च्या २०१३ मध्ये मात्र २०० डॉलरला जोडी अशा गेल्या, आणि लोक पहाटेपासून रांगेत उभे होते.

मला कॉनी मॅकच्या पट्टीचा तुकडा शे स्टेडियमच्या नव्या कोऱ्या जोडीपेक्षा जास्त भावतो. तो कोणीतरी हाताने काढून घरी नेला.

खुर्ची अस्सल आहे हे कसं ओळखायचं?

आधी बीड बघा, म्हणजे ओतीव लोखंडाचे पाय आणि कडा. रांगेच्या टोकाच्या खुर्चीच्या कडेला कधी कधी संघाची नक्षी ओतलेली असे. पोलो ग्राउंड्सच्या टोकाच्या खुर्च्यांवर ‘एनवाय’ ही अक्षरं होती. ती रांगेत एकाच टोकाला, म्हणून मुळातच कमी, म्हणून महाग, आणि म्हणूनच त्यांच्या नकला होतात. अस्सल तुकड्यावरून साचा करून नवं बीड ओतलं तर ते थंड होताना आकसतं, साधारण शंभरात एक भाग. म्हणजे एक फूट लांबीत सुमारे आठवा हिस्सा इंच कमी. सोबत मोजपट्टी ठेवा, आणि अस्सल खुर्चीची मापं वहीत. अक्षरांच्या कडाही नकलेत बोथट होतात.

मग रंग. मैदानातली खुर्ची अनेकदा रंगवलेली असते, त्यामुळे पापुद्रा उडालेल्या जागी दोन-तीन रंगांचे थर दिसायला हवेत, आणि त्यांचा क्रम त्या मैदानाच्या इतिहासाशी जुळायला हवा. एकच एकसंध रंग असलेली ‘१९२० च्या दशकातली’ खुर्ची बघितली की मी सावध होते. शे स्टेडियमसारख्या नव्या मैदानात प्रत्येक मजल्याचा रंग वेगळा होता: खाली नारिंगी, मग निळा, हिरवा आणि सगळ्यात वर लाल.

मग स्क्रू. एका विक्रेत्याकडून मी पहिल्या महायुद्धाआधीची म्हणून एक खुर्ची घेतली. घरी आल्यावर लक्षात आलं, सगळे स्क्रू चौफुलीच्या खाचेचे. तसे फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यापासून बाजारात आले. एखादा स्क्रू दुरुस्तीत बदलला जाऊ शकतो, पण सगळे, आणि सगळ्यांखालचं लाकूड ताजं? विक्रेत्याने पैसे परत दिले नाहीत. ती खुर्ची मी विकली नाही. बाहेर अंगणात ठेवली आहे, येणाऱ्याला नक्कल कशी दिसते ते दाखवायला.

सगळ्यात शेवटी कागद: पावती, जुना फोटो, घरातल्या माणसाची सहीनिशी लिहिलेली हकीकत. खुर्ची विकत घेता तेव्हा विकणाऱ्याला दहा मिनिटं बोलतं करा आणि ते लिहून घ्या. माझ्या प्रत्येक वस्तूचं वहीत एक पान आहे: कुठे उभी होती, कोणाकडे होती, माझ्याकडे कशी आली. वस्तू गेली तर ते पान तिच्याबरोबर जातं.

वस्तूवर होलोग्रामचं स्टिकर असलं म्हणजे झालं ना?

होलोग्राम म्हणजे काय ते समजून घ्या. १९९० च्या दशकात खोट्या सह्यांचा सुळसुळाट झाला होता. सॅन दिएगोचा फलंदाज टोनी ग्विन याला त्याच्याच संघाच्या दुकानात त्याच्या सहीच्या अशा वस्तू दिसल्या, ज्या त्याने कधी सही केलेल्याच नव्हत्या. एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ या नावाने मोठी टोळी पकडली. त्यानंतर २००१ मध्ये मेजर लीग बेसबॉलने, म्हणजे इथल्या बेसबॉलच्या मुख्य लीगने, स्वतःची पद्धत सुरू केली. सामन्याला त्यांचा माणूस हजर असतो, त्यातले बहुतेक पोलीस खात्यात काम करणारे किंवा केलेले. त्याने वस्तू डोळ्यांनी बघितली तरच तिच्यावर आकडा असलेला होलोग्राम लागतो, आणि तो आकडा लीगच्या यादीत तपासता येतो.

म्हणजे तो एका साक्षीदाराचा जबाब आहे. २००१ च्या आधीच्या सामन्यात वापरलेल्या चेंडूला असा जबाब मिळणंच शक्य नाही. तिथे वही, मोजपट्टी आणि माणसाची आठवण यांच्यावरच भिस्त.

घरात खुर्ची उभी कशी राहते?

काही खुर्च्या जमिनीला बोल्टने बसवलेल्या असतात, त्यांना खाली फळी पुरते. काही पायरीच्या उभ्या बाजूला बसवलेल्या असतात, त्यांना मागचे पाय नसतात. त्यांना लोहाराकडून एल आकाराच्या पट्ट्या करून घ्या. बीडाला नवी भोकं पाडू नका, जुन्याच भोकांत बोल्ट घाला.

जी वस्तू विकत मिळत नाही, ती बघायला कुठे जायचं?

फेनवे पार्कला. उजव्या बाजूच्या प्रेक्षागारात हिरव्या खुर्च्यांच्या समुद्रात एकच लाल खुर्ची आहे: विभाग ४२, रांग ३७, खुर्ची २१. ९ जून १९४६ ला बॉस्टनचा फलंदाज टेड विल्यम्स याने मारलेला चेंडू ५०२ फूट जाऊन तिथे बसलेल्या प्रेक्षकाच्या गवती हॅटवर पडला. मी तिथे बसून खाली बघितलं तेव्हा होम प्लेट, म्हणजे फलंदाज जिच्याशी उभा राहतो ती जमिनीतली पांढरी पाटी, बशीएवढी दिसत होती. धोनीचा २०११ चा षटकार वानखेडेवर जिथे पडला ती जागा दाखवा म्हणणाऱ्यांना, एका खुर्चीचं एवढं काय, हे सांगायची गरज पडत नाही.

पिट्सबर्गला विद्यापीठाच्या एका इमारतीत फरशीत काच बसवली आहे, आणि काचेखाली १९७० पर्यंत वापरात असलेल्या फोर्ब्स फील्डची होम प्लेट. बाहेर मैदानाची विटांची भिंत उभी आहे. प्रवेश फुकट. आणि कूपर्सटाउनचं हॉल ऑफ फेम, म्हणजे बेसबॉलचं संग्रहालय, तर आहेच, तिथे दोन दिवस काढून जा.

यात पैसा मिळतो का?

बातम्या ऐकून विचारता ते कळतं. जुन्या काळचा विख्यात खेळाडू बेब रूथ याचा १९३२ च्या विश्वमालिकेतला (वर्ल्ड सिरीज) सदरा २०२४ मध्ये दोन कोटी चाळीस लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला. मिकी मँटल या खेळाडूचं १९५२ चं टॉप्स कार्ड २०२२ मध्ये एक कोटी सव्वीस लाखांना. त्या कार्डाची न खपलेली खोकी कंपनीने १९६० मध्ये समुद्रात बुडवली होती, म्हणून आज ती दुर्मीळ.

पण ही टोकं आहेत. मोठं मशीन हलवायला, साठवायला, दुरुस्त करायला इतका खर्च येतो की विकताना हिशेब जुळेलच असं नाही. मुलांच्या शिक्षणाचे पैसे यात घालू नका. ज्या वस्तूकडे रोज बघावंसं वाटतं ती घ्या.

भारतात नेली तर चालेल का?

गोळ्यांचं मशीन सहज. थंड करणाऱ्याला अमेरिकेतली १२० व्होल्ट, ६० हर्ट्झची वीज लागते. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट उतरतात, हर्ट्झ बदलत नाहीत, त्यामुळे कॉम्प्रेसरची मोटर हळू फिरते आणि तापते. नुसतं शोभेला ठेवायचं तर प्रश्न नाही. नाण्याची यंत्रणा मात्र आपल्या रुपयावर चालवायचा हट्ट धरू नका. पन्नास निकेल पिशवीत भरून न्या.

कार्डं आणि तिकिटं कशी जपायची?

लॅमिनेशन कधीच नको, ते परत निघत नाही. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून काही वर्षांनी वायू सुटून कागद चिकट होतो. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं आणि आम्लरहित पुठ्ठा वापरा. थेट ऊन लागू देऊ नका. तळघर असेल तर ओल शोषणारं यंत्र चालू ठेवा.

याच पाकिटांत माझ्याकडे एक्झिबिट कार्डांच्या शेजारी दादर स्टेशनवरच्या वजनाच्या काट्याची अकरा तिकिटं आहेत. लाल-निळे दिवे फिरायचे, आत खडखड व्हायची आणि जाड पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर पडायचं: एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य किंवा नटीचा फोटो. बाबा ऑफिसातून येताना मला घेऊन त्यावर उभं करायचे आणि तिकीट माझ्या हातात द्यायचे. तुमच्या घरी जुन्या पाकिटात, पुस्तकाच्या पानांत अशी तिकिटं असतील तर टाकू नका. मागे पेन्सिलने स्टेशनचं नाव आणि आठवत असेल तर साल लिहा. पेनने नको, शाई पलीकडे उतरते.